'इट टेक्स टू' : पझल झकास, पण गोष्ट? (रहस्यभेद आहे)

अडगळीतला पेचकस
खाली शेवटासकट सगळं उघड केलंय. गेम खेळायचा बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.

'इट टेक्स टू' मार्च २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. स्टॉकहोमचा हेझलाइट स्टुडिओ, दिग्दर्शक योसेफ फारेस. एकट्याने खेळायची सोयच नाही. दोन माणसं हवीत, पडदा दुभागलेला. कोडी आणि मे हे नवराबायको घटस्फोट घ्यायचं ठरवतात, मुलगी रोझ हिचे अश्रू तिच्या बाहुल्यांवर पडतात आणि हे दोघं त्या बाहुल्यांत अडकतात. मग डॉ. हकीम नावाचं एक बोलणारं, अति आगाऊ पुस्तक त्यांना 'नातं सुधारा' म्हणत घरभर पिदडतं.

पझलबद्दल ब्र काढणार नाही. शेडमधलंच बघा. कोडीकडे खिळे, मेकडे हातोडी. तो भिंतीत खिळा मारतो, ती त्याला हातोडी अडकवून झोका घेत पलीकडे जाते. तो खिळा परत बोलावून पुढच्या फळीत मारतो. यात एकालाही मान वर करून 'मी केलं' म्हणता येत नाही.

माझं भांडण हत्तिणीवरून आहे. रोझच्या अश्रूंनी आपण बाहुल्या झालो, तर तिला पुन्हा रडवलं की सुटू, असा या दोघांचा हिशोब. म्हणून तिचं सगळ्यात लाडकं खेळणं, क्यूटी नावाची कापडी हत्तीण, संपवायची. ती घाबरते, गयावया करते. तिला फरफटत कड्यापर्यंत न्यायचं, पाय अडकतो, कान फाटतो, आणि बटणं तुम्हीच दाबायची. दुसरा पर्याय नाही. एवढं करून शाप सुटत नाहीच, आणि पुढच्या टप्प्यापासून दोघांची चेष्टामस्करी मागील पानावरून पुढे चालू. ज्याने लिहिलं त्याला हे विनोदी वाटलं की भीषण, हेच कळत नाही.

रानकेळी
साफ असहमत. माझ्या मते अख्ख्या गेममधला सगळ्यात धीट प्रसंग तोच.

तोवर ही दोघं काय करतात? प्रत्येक दरवाजापाशी एकमेकांची उणीदुणी काढतात. पहिल्यांदा त्यांचं एकमत कशावर होतं, तर पोरीला रडवण्यावर. ताळमेळ उत्तम, कुरबूर नाही. हकीम ज्या सहकार्याचे गोडवे गातो ते इथे शंभर टक्के आहे आणि ते घाणेरडं आहे. आम्ही दोघी मैत्रिणी खेळत होतो, त्या वेळी हेडफोनवर दोन्हीकडे चिडीचूप. त्याआधी आमचं तोंड बंद नव्हतं.

अडगळीतला पेचकस
@रानकेळी, हा तुमचा मोठेपणा झाला, लेखकाचा नाही. ते जाणूनबुजून केलं असेल तर त्याचा हिशोब पुढे चुकता व्हायला हवा होता.

याच फारेसचा 'ब्रदर्स' घ्या, २०१३ चा. एकच कंट्रोलर, त्याची डावी काठी (स्टिक) मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई बुडून गेली. पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर. शेवटी मोठा भाऊ गेलेला, समोर पाणी, एकटा धाकटा काठावर. त्याचं बटण दाबून तो पाण्यात उतरत नाही. मोठ्याचं बटण दाबलं की पोहायला लागतो! एक शब्द नाही. तिथे गोष्ट बोटांत होती. इथे ती हकीमच्या तोंडात कोंबलीय.

तिरकी सोंगटी
'ब्रदर्स'बद्दल +१. पण हत्तीण राहू द्या बाजूला, मला तो हकीमच सहन होत नाही. घटस्फोट घ्यायचा निर्णय दोन प्रौढ माणसांनी घेतलाय. आणि हे पुस्तक मांडव घातल्यासारखं मध्ये बसून 'पोरीकडे बघून जुळवून घ्या' चालवतं. हे ऐकायला आम्हाला स्वीडनहून गेम मागवायची गरज नाही, आमच्या आत्याबाई फुकट सांगतात.

रानकेळी
आत्याबाई हाहाहा. पण शेवट परत बघा. रोझ चिठ्ठी लिहून निघून जाते, आईबाप तिला बसथांब्यावर गाठतात आणि यात तुझी काही चूक नाही, असं सांगतात. घटस्फोट रद्द झाला असं गेम कुठेही ठणकावून सांगत नाही.

आणि गोष्ट फक्त हकीमच्या तोंडात आहे, हेही खोटं. काचेच्या 'स्नो ग्लोब'मधला, बर्फातला टप्पा आठवा. दोघांकडे एकेक चुंबक, ध्रुव वेगळे. तुला जे खेचतं ते मला ढकलतं. माझ्याच चुंबकाने तुला दरीपार फेकायचं. नवराबायकोबद्दल याहून जास्त काय सांगायचं? कोडी घर सांभाळणारा, त्याची हौस बागेची, ती बाग त्याने वाऱ्यावर सोडलेली, म्हणून बागेत तोच झाडाझुडपांची रूपं घेतो. मेचं गाणं सुटलेलं, म्हणून माळ्यावर तिचा आवाज हेच हत्यार. हे बोटांतच आहे की.

पोहे विथ शेव
तात्त्विक चर्चेत एक व्यावहारिक भर घालतो. बायकोने आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता. एका काठीने चालायचं आणि दुसरीने कॅमेरा फिरवायचा, इथेच तिची पहिली संध्याकाळ गेली. तरी गेम तग धरून राहिला, कारण मरणं फुकट आहे. पडलात की क्षणात परत उभे. मोठ्या शत्रूशी लढताना बटण बडवून परत येता येतं, दोघं एकदम गारद झालात तरच गाडी मागे. एवढी मुभा नसती तर आम्हीच घटस्फोटाला निघालो असतो.

शिवाय 'फ्रेंड्स पास'मुळे एकानेच विकत घ्यायचा, दुसरा फुकट. पुण्याचा आणि न्यू जर्सीचा भाऊ एका प्रतीत खेळतात. ही गोष्ट गोष्टीपेक्षा मोठी आहे माझ्या मते.

तिरकी सोंगटी
अवांतर: याला 'इंडी' (बड्या कंपनीविना बनवलेला) कोण म्हणतं? प्रकाशक ईए ही बडी गेम कंपनी आहे.

पोहे विथ शेव
स्टुडिओ स्वतंत्र आहे, पैसा 'ईए ओरिजिनल्स'चा, म्हणजे स्वतंत्र स्टुडिओंच्या गेमसाठीच्या ईएच्या शाखेचा. २०२३ पर्यंत १ कोटीच्या वर प्रती खपल्या. तुम्ही ठरवा काय म्हणायचं ते.

अडगळीतला पेचकस
चुंबकाचा मुद्दा घेतला, माळाही घेतला. पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. ज्याला इतकं नेमकं जमतं, त्याने हत्तिणीपाशी माझ्या बोटांना काय सांगितलं? 'बडव बटण.' खिळा मारताना काढतो तोच आवेश. तिथे बटण जड व्हायला हवं होतं, हात रेंगाळायला हवा होता. तुम्ही चिडीचूप झालात ते तुमच्या मैत्रिणीमुळे.

रानकेळी
बटण जड नव्हतं म्हणूनच तर चिडीचूप झालो ना. सोपं होतं ते. असो, तुम्हाला लग्नाचं ओझं नको असेल तर फारेसचाच 'स्प्लिट फिक्शन' खेळा, मार्च २०२५ चा. दोन लेखिका, एक विज्ञानकथावाली, एक परीकथावाली. नवरे नाहीत, हकीम नाही.

अडगळीतला पेचकस
खेळलोय. त्यातल्या एका टप्प्यात आपणच दोन गोंडस डुकरं असतो, आणि शेवटी आपणच यंत्रात शिरून सॉसेज होऊन बाहेर पडतो. या माणसाला प्राण्यांनी काय केलंय?