अर्धगुणसूत्री विभाजन : अर्धं नक्की काय होतं?

दहावीची आई
मुलगा मराठी माध्यमात, यंदा दहावीला. काल विज्ञानाचा तपासलेला पेपर आणला. 'अर्धगुणसूत्री विभाजनात काय घडते?' याचं त्याचं उत्तर : 'प्रत्येक गुणसूत्र मधोमध तुटते आणि अर्धे अर्धे गुणसूत्र नव्या पेशींत जाते.' तीनपैकी शून्य. मी ओरडायला गेले तर म्हणतो, "नावातच लिहिलंय की, अर्ध-गुणसूत्र!" त्यावर मला काही बोलता येईना. चूक शब्दाची म्हणायची की त्याची?

कोशकीडा
निम्मी शब्दाची. मराठीत शब्दाला पुढून 'अर्ध' लागलं की कानाला बहुतेक वेळा 'अपुरं' असंच ऐकू येतं. अर्धवट, अर्धमेला, अर्धपोटी. अर्धशिशीत डोक्याची एकच बाजू ठणकते. म्हणजे एकाच वस्तूचा अर्धा भाग. इथे मात्र वस्तू, म्हणजे पेशीतला आनुवंशिक गुण वाहणारा धागा, अख्खीच राहते, मोजदाद निम्मी होते. समास सोडवायचा तर 'ज्यात गुणसूत्रांची संख्या अर्धी होते ते'. यातला 'संख्या' हा शब्द समासाने गिळला, आणि पोराच्या हातात तेवढं अर्धं गुणसूत्र उरलं.

सूक्ष्मदर्शी
घोळ याहून मोठा आहे, ताई. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते आणि दोन्ही पदर मध्ये एका ठिकाणी चिकटलेले राहतात. या एकेका पदराला, म्हणजे क्रोमॅटिडला, आपल्या पाठ्यपुस्तकात 'अर्धगुणसूत्र' म्हणतात. साध्या सूत्री विभाजनात, कातडी किंवा कांद्याचं मूळ वाढताना, हेच पदर सुटे होऊन दोन पेशींत जातात. थोडक्यात, 'अर्धगुणसूत्रं' वेगळी होतात ते सूत्री विभाजन, आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत ती वेगळी होतच नाहीत! एकच शब्द दोन जागी वापरल्यावर मुलांनी काय करायचं?

मी वर्गात चपलांचं उदाहरण देते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड. प्रत्येक जोडातली एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पहिल्या फेरीत प्रत्येक जोडातली एक चप्पल या घरी, दुसरी त्या घरी. ४६ चे २३ इथेच झाले. चप्पल कुणी कापली नाही. दुसऱ्या फेरीत मघाचे चिकटलेले पदर सुटे होतात, अगदी सूत्री विभाजनासारखे, आणि संख्या २३ ची २३ च राहते. एका पेशीच्या चार पेशी होतात, आणि 'अर्धं' करण्याचं काम पहिल्याच फेरीत उरकलेलं असतं.

मिरजेचा मध्या
अर्धगुणसूत्रीऐवजी सरळ इंग्रजी 'मायोसिस' म्हणा ना. कशाला हा संस्कृतचा सोस?

कोशकीडा
मध्याभाऊ, मायोसिस तरी कुठे आकाशातून पडलाय? ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'कमी होणं'. १९०५ मध्ये फार्मर आणि मूर या दोघांनी तो जीवशास्त्रात आणला. त्याआधीपासून तो अलंकारशास्त्रात होताच, मोठी गोष्ट मुद्दाम लहान करून सांगण्याला म्हणत. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतला 'न्यूनीकरण विभाजन' हा शब्द अर्थाला त्याच्या जास्त जवळ आहे. 'न्यून' म्हणजे कमी, काय कापलं याचा प्रश्नच नाही. उच्चारायला जड, म्हणून मागे पडला असावा.

'सूत्री'ची गोष्ट वेगळी. सूत्री विभाजनाचा इंग्रजी 'मायटॉसिस' हा शब्द वॉल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये रूढ केला, ग्रीक 'मिटॉस' म्हणजे धागा यावरून. आपण धाग्याचं सूत्र केलं. नेमकं. क्रोमोसोमला पूर्वी 'रंगसूत्र' म्हणायचे, कारण तो रंग पटकन शोषतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतो. पुढे गुण वाहून नेतो म्हणून 'गुणसूत्र' झालं. दिसण्यावरून कामावर आलो, हे मला आवडलं.

दहावीची आई
मग युग्मक, म्हणजे शुक्राणू किंवा अंडपेशी? युग्म म्हणजे जोडी ना? आणि ज्या पेशीत एकही जोड उरलेला नाही तिलाच युग्मक?

कोशकीडा
वा! ती जोडीने राहते म्हणून नव्हे, जोडी जमवायला निघते म्हणून युग्मक. इंग्रजी गॅमीटच्या मुळाशीही ग्रीकमधलं 'लग्न' आहे. मराठी विश्वकोशात त्याला 'गंतुक' म्हटलंय. ते मला 'गम्' म्हणजे जाणे यावरून आल्यासारखं वाटतं, निघालेला वाटसरू. ध्वनीनेही गॅमीटच्या जवळ. पण टिकला 'युग्मक'च, कारण पुढे दोन युग्मकं मिळून झालेल्या पेशीचा 'युग्मनज' हा शब्द त्यातून आपसूक निघतो. 'रंदुक' म्हणजे युग्मनज हे आज किती जणांना कळेल?

रावेरचा केळीवाला
मध्येच घुसतो. जोड हा शब्द आला म्हणून. आमच्या केळीत ३३ गुणसूत्रं, ११ च्या तीन थप्प्या. तीन चपलांचे जोड कसे लावणार? विभाजन तिथेच फसतं, बी धरत नाही, म्हणून आम्ही कंद लावतो किंवा टिशू कल्चरची रोपं आणतो. खेचराचंही जवळजवळ तसंच. घोड्याची ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला ६३. विषम आकडा, आणि घोडा-गाढवाची गुणसूत्रंही एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

सूक्ष्मदर्शी
बरोबर. आता मघाचं माझंच उदाहरण थोडं मोडते. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला जोडातली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि काही ठिकाणी खरंच तुटून तुकड्यांची अदलाबदल करतात. आईकडच्या चपलेचा अंगठा बापाकडच्या चपलेला. ताई, तुमच्या मुलाने 'तुटते' लिहिलं ते जागा चुकून लिहिलं, पण तुटणं घडतं हे खरं. कुठला जोड कुणाच्या बाजूला पडेल एवढ्याच उलटसुलटीने एका माणसाची युग्मकं ८३,८८,६०८ प्रकारची होऊ शकतात. अदलाबदल त्यात मोजलेलीच नाही.

आणखी एक. 'अर्धगुणसूत्री विभाजनाने युग्मकं होतात' हे प्राण्यांपुरतं ठीक. नेच्यात, म्हणजे फर्नमध्ये, या विभाजनातून बीजाणू होतात. बीजाणूपासून नखाएवढं हिरवं पान उगवतं, ते आधीच एकगुणित, म्हणजे प्रत्येक जोडातलं एकच गुणसूत्र असलेलं, आणि त्याच्यावरची युग्मकं साध्या सूत्री विभाजनाने तयार होतात. मधमाशांतला नरही एकगुणितच, त्याचे शुक्राणूही संख्या न घटता होतात. परीक्षेत हे लिहू नका म्हणावं, उगाच गुण जायचे.

मिरजेचा मध्या
चार पेशी म्हणता, मग बाईच्या पोटात चार अंडी का नाहीत?

सूक्ष्मदर्शी
वाटणी असमान असते. जवळजवळ सगळा माल एकाच पेशीकडे जातो, बाकीच्या चिमुकल्या पेशी विरून जातात. शिवाय हे काम फार रेंगाळतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींची पहिली फेरी सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. पुढे वयात आल्यावर एकेका अंडपेशीची ती फेरी पूर्ण होते, आणि दुसरी फेरी शुक्राणू शिरला तरच संपते. हा थांबा कधी कधी चाळीस वर्षांचाही असतो. इथे मात्र 'अर्धवट' म्हटलेलं चालेल.

दहावीची आई
म्हणजे तो ज्या अंडपेशीतून झाला तिचं काम माझ्या आईच्या पोटात सुरू झालं होतं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला सांग, गुण माझ्याकडूनही कमी पडले."

उत्तर आम्ही असं लिहिलंय : 'गुणसूत्रे अख्खीच राहतात, त्यांची संख्या निम्मी होते, आणि ती पहिल्या भागातच होते.' चालेल ना?

सूक्ष्मदर्शी
'द्विगुणित (पूर्ण जोड असलेल्या) पेशीपासून चार एकगुणित पेशी' एवढं पुढे जोडा. पेपर तपासणारे तेच शोधतात.