न्यू जर्सी की टेक्सास? घराचा खरा खर्च कसा धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली ऑस्टिनला व्हायची शक्यता आहे. सध्या न्यू जर्सीत भाड्याने राहतो, आता मात्र स्वतःचं घर घ्यायचंच आहे. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, एवढ्यावरच सगळे "डोळे झाकून जा" म्हणतात. मला ते पटत नाही. प्रॉपर्टी टॅक्स तिथेही तगडाच आहे, आणि बऱ्याच नव्या वसाहतींत पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठी काढलेलं कर्ज फेडायला एमयूडीचा (म्हणजे त्या भागापुरत्या स्थानिक पाणी-सुविधा संस्थेचा) कर वेगळा. शिवाय गारपिटीमुळे विमा महाग.

खरी भीती एस्क्रोची वाटते, म्हणजे कर्जाच्या हप्त्यातच बँक कर आणि विम्याचे पैसे दर महिन्याला कापून ठेवते त्या खात्याची. कराची आकारणी 1 जानेवारीच्या स्थितीवर होते, म्हणजे तेव्हा घर बांधून झालं नसेल तर पहिलं बिल बरंचसं नुसत्या जमिनीचं. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर लागला की महिन्याचा हप्ता एकदम चढणार! होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढू न देणारी मर्यादाही पहिल्या वर्षी लागू नसते.

तिकडे नवं घर घेतलेल्यांनी प्लीज सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता किती वाढला? कर, विमा, एचओए (वसाहतीच्या घरमालक संघाची वर्गणी) धरून इन्कम टॅक्सची बचत खरंच हातात उरते का?