गाडीला क्लबचा रंग दिला म्हणून फुटबॉलचा फॅन रेस बघायला येतो का?

पिटलेन_पंत (धागाकर्ता)

सुपरलीग फॉर्म्युला ही कार रेसिंगची मालिका कुणाला आठवतेय का? २००८ साली सुरू झाली, २०११ मध्ये गुंडाळली. प्रत्येक गाडी एकेका फुटबॉल क्लबची. एसी मिलान, रोमा, लिव्हरपूल, टॉटनहॅम, पोर्तो, सेव्हिया, अँडरलेख्ट, इतकंच काय ब्राझीलचे फ्लामेंगो आणि कोरिंथियन्स, अमिरातीतला अल ऐन, चीनचा बेजिंग ग्वोआन. खाली गाडी सगळ्यांची सारखीच: पॅनोझची चासी (सांगाडा), मेनार्डचं ४.२ लिटरचं व्ही-१२ इंजिन, ताकद साधारण ७५० अश्वशक्ती. वेगळं काय, तर रंग, क्लबचं चिन्ह आणि आत बसलेला ड्रायव्हर.

पहिला वीकेंड इंग्लंडात डॉनिंग्टन पार्कला, ३० आणि ३१ ऑगस्ट २००८. हिशोब सरळ होता. फुटबॉलचे फॅन कोट्यवधी, रेसिंगचे त्यामानाने मूठभर, तेव्हा तिकडची गर्दी इकडे वळवू. माझं म्हणणं असं की हा हिशोब पहिल्याच रविवारी फसला होता, फक्त कळायला तीन वर्षं लागली.

त्या रविवारचं वेळापत्रक बघा. लिव्हरपूलची मॅच होती व्हिला पार्कवर ॲस्टन व्हिलाशी, ०-० सुटली. टॉटनहॅमची स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीशी, १-१. व्हिला पार्क डॉनिंग्टनपासून गाडीने तासाभरावर. आता लिव्हरपूलचा फॅन त्या दिवशी खरे अकरा जण बघायला जाईल की लाल रंगाची गाडी? बरं, डॉनिंग्टनच्या पंचक्रोशीतले क्लब म्हणजे डार्बी काउंटी, लेस्टर सिटी आणि १९७९, १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट. यांच्यापैकी एकाचीही गाडी नाही! पहिली रेस जिंकली कोणी, तर बेजिंग ग्वोआनने. ऑलिम्पिक संपून जेमतेम आठवडा झालेला, आणि गाडी चालवत होता डेव्हिडे रिगॉन नावाचा इटालियन. स्टँडमध्ये बसलेल्या डार्बीच्या माणसाने टाळ्या नक्की कोणासाठी वाजवायच्या?

मतं येऊ द्या.

बारा_सिलिंडर

पंत, मी नॉटिंगहॅमला राहतो आणि त्या रविवारी तिथे होतो, म्हणून लिहितो. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हा प्रश्न आमच्या आसपास कुणाला पडलेला दिसला नाही. मी क्रेनर कर्व्ह्ज या डॉनिंग्टनच्या वळणांपाशी कुंपणाला टेकून उभा होतो. तिथे ट्रॅक उतारावरून वळत खाली जातो. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो, मग अंगावर येतो, आणि उतारावर ड्रायव्हर पेडल सोडतो की नाही हे कानाने कळतं. फॉर्म्युला वनमध्ये शेवटचं व्ही-१२ इंजिन १९९५ च्या फेरारीत होतं. २००८ मध्ये तिकडे २.४ लिटरचे व्ही-८ होते. एकाच ग्रिडवर (सुटायच्या रांगेत) इतके व्ही-१२ ऐकायला मिळणं हेच तिकिटाचे पैसे वसूल होतं.

आणि फॉरमॅटबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. पात्रता फेरीसाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट, प्रत्येक गटातून चौघे पुढे, मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. ट्रॅकवर दोनच गाड्या, वेगवान असेल तो पुढे, दुसरा घरी. आणि दुसऱ्या रेसला ग्रिड उलटी! पहिली रेस जिंकलेला सगळ्यात मागून सुटणार. ओव्हरटेकिंग बघायचं तर ते तिथे. फॉर्म्युला वनवाले उलट्या ग्रिडची नुसती चर्चा करतात आणि घाबरून मागे फिरतात. यांनी पहिल्याच वीकेंडला करून दाखवलं.

पिटलेन_पंत

आवाज, ग्रिड, चिठ्ठ्या, सगळं मान्य. पण याला क्लब कशाला हवेत? हेच सगळं नुसत्या क्रमांकाच्या गाड्या घेऊन करता आलं असतं की. धाग्याचा विषय रंगाचा आहे.

तालमीचा_गडी

कोल्हापूरहून लिहितोय, तेव्हा फुटबॉलबद्दल थोडं बोलायचा हक्क आहे आमचा.

पंत, तुमचं बरोबर आहे, पण कारण चुकीच्या ठिकाणी शोधताय. वेळापत्रक वगैरे नंतरचं. खरी गोम ही की या लीगमध्ये एकाही क्लबचा पक्का वैरी नव्हता. यादी काढा राव. मिलान आहे, इंटर नाही. रेंजर्स आहे, सेल्टिक नाही. गॅलातसराय आहे, फेनरबाचे नाही. सेव्हिया आहे, बेतिस नाही. टॉटनहॅम आहे, आर्सेनल नाही. ॲटलेटिको आहे, रेआल नाही. कोरिंथियन्स आहे, पाल्मेइरास नाही. ऑलिंपियाकोस आहे, पानाथिनाइकोस नाही. एक झाला की दुसरा गायब!

आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या तालमींच्या फुटबॉल टीम समोरासमोर आल्या की दुपारपासून पेठेत दुकानं अर्धी बंद. स्टेडियममध्ये कोण कुठल्या बाजूला बसणार हे आज्यापासून ठरलेलं. घरात लग्न असलं तरी माणूस स्कोअर विचारत फिरतो. आता पाटाकडील उतरवा आणि समोर शिवाजीच्या जागी कुठल्यातरी परमुलखातली टीम ठेवा. येतील बघायला, नाही असं नाही. पण तो कालवा होणार नाही. माणूस आपल्या तालमीवर जीव टाकतो तो निम्मा शेजारच्या पेठेला हरवण्यासाठी. रेंजर्सच्या माणसाला अल ऐनच्या गाडीला मागे टाकून काय मिळणार?

भिंगरी

+१. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

रेगाटा

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही इंग्लंडचा चष्मा लावून बोलताय. इंग्लिश क्लब म्हणजे फुटबॉल आणि बाकी शून्य. जगात सगळीकडे तसं नाही. फ्लामेंगो १८९५ मध्ये सुरू झाला तो रोइंगचा क्लब म्हणून, फुटबॉल नंतर आला. ऑलिंपियाकोसचं बास्केटबॉल आणि वॉटर पोलो युरोपात गाजलेलं आहे. पोर्तोची रोलर हॉकी, गॅलातसरायचं बास्केटबॉल. या फॅनना क्लबचं चिन्ह दुसऱ्या खेळात दिसणं रोजचं आहे. तिथे कुणी विचारत नाही की आमच्या क्लबची बोट कशाला. मग गाडीनेच काय घोडं मारलंय? लिस्बनच्या, रिओच्या माणसाला ही कल्पना मुळीच विचित्र वाटली नसती. चूक झाली ती सुरुवात इंग्लंडात केली ही.

तालमीचा_गडी

रेगाटा, बास्केटबॉलमध्ये गॅलातसरायसमोर फेनरबाचे असतोच की! तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडलं.

शिवाय तिथे खेळाडू क्लबचे, कोच क्लबचा, पैसा क्लबचा. इथे? चिन्ह वापरायची परवानगी क्लबची, गाडी पळवणारी टीम भलतीच, आणि त्या टीमकडे कधीकधी दोन-दोन क्लबच्या गाड्या. एकाच गॅरेजमध्ये दोन क्लब शेजारी, तेच मेकॅनिक, तीच अवजारं. ड्रायव्हरांचं बघा. रिगॉन २००८ मध्ये बेजिंगला चॅम्पियन, २००९ मध्ये ऑलिंपियाकोसच्या गाडीत, २०१० मध्ये अँडरलेख्टला चॅम्पियन. क्रेग डॉल्बी आधी अँडरलेख्ट, मग टॉटनहॅम. हंगाम बदलला की रंग बदलला.

रेगाटा

फुटबॉलर क्लब बदलत नाहीत वाटतं? जानेवारी आली की पळापळ.

तालमीचा_गडी

बदलतात, आणि शिव्याही खातात. रिगॉनला बेजिंगमध्ये कुणी शिवी दिल्याचं ऐकलंय का? द्यायला कुणी ओळखतच नव्हतं. शिवी द्यायलाही आधी जीव लागावा लागतो.

नऊवारी_गिअर

विषय क्लबवर अडकलाय, ड्रायव्हरांकडे कुणाचं लक्षच नाही. फॉर्म्युला वनच्या टोरो रोस्सो टीमने २००९ च्या मध्यात सेबास्तियां बूर्दैला डच्चू दिला. सलग चार वर्षं अमेरिकेतली चॅम्प कार मालिका जिंकलेला माणूस, रस्त्यावर. त्याच वर्षी तो सेव्हियाच्या गाडीत दिसला, पुढच्या वर्षी लियोंच्या. पिझोनिया, पँटानो, डोर्नबोस, सगळे फॉर्म्युला वनचा उंबरठा ओलांडून परत आलेले. २०१० मध्ये आपला नारायण कार्तिकेयन पीएसव्ही आइंडहोवनच्या गाडीत होता. त्या वर्षी मी पीएसव्हीचे निकाल शोधून शोधून बघायचे, त्या गावाशी माझा काडीचा संबंध नसताना. म्हणजे परक्या क्लबबद्दलही आपुलकी तयार होऊ शकते!

पिटलेन_पंत

ताई, ती आपुलकी कार्तिकेयनची. तो पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये हिस्पानियाकडे गेला, तेव्हा तुम्ही पीएसव्हीचे निकाल बघत राहिलात का?

उलट याच्या आधीची ए-वन ग्रांप्री आठवा. देशांच्या गाड्या. डिसेंबर २००७ मध्ये झुहाईला कार्तिकेयनने भारताच्या गाडीतून रेस जिंकली, तेव्हा ज्यांना क्लच कुठे असतो माहीत नाही तेही खूश झाले. गाडीवर तिरंगा, आत आपला माणूस. तिथे रंगाला अर्थ होता.

नऊवारी_गिअर

आणि तरी ती ए-वन ग्रांप्री सुपरलीगच्या आधी बुडाली, पंत. २००९ मध्येच. तुमचा तिरंगा असूनही. तेव्हा रंगाला अर्थ असणं आणि मालिका टिकणं यांचा तुम्ही लावताय तसा संबंध नाही. निकाल मी बघत राहिले की नाही हा प्रश्न तुम्ही टाळी मिळवायला विचारलात, म्हणून उत्तर देत नाही.

आकडेमोड्या

शेवटी पैशाचं बोलणारा मीच का असतो?

डॉनिंग्टनचा वीकेंड झाला ३१ ऑगस्टला. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक कोसळली १५ सप्टेंबरला. नवी मालिका काढायला यापेक्षा वाईट पंधरवडा शोधून सापडणार नाही. होंडा त्याच डिसेंबरात फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली, तिथे या नव्या पोराचं काय? पुढे अंगोलाची सरकारी तेल कंपनी सोनांगोल मुख्य प्रायोजक झाली आणि मालिकेच्या नावातच जाऊन बसली. म्हणजे मुख्यतः युरोपातल्या ट्रॅकवर मुख्यतः युरोपातल्या क्लबांच्या गाड्या, पैसा अंगोलाच्या तेलाचा. फॅन तिकिटं काढून मालिका चालवतील हा मूळ हिशोब तेव्हाच सोडून दिला होता.

रंगाबद्दल म्हणाल, तर आयोजकांनीच शेवटी उत्तर दिलं. २०११ मध्ये बहुतेक गाड्यांवरून क्लबची चिन्हं काढली आणि देशांचे झेंडे लावले. मोजके क्लब उरले. ॲसन आणि झोल्डर अशा दोनच फेऱ्या झाल्या, बाकीच्या रद्द. विजेता ऑस्ट्रेलिया. फुटबॉल लीग म्हणून सुरू झालेली मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकून संपली.

बारा_सिलिंडर

मंदीने मेली असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी सोबत आहे. मग मात्र कल्पनेला दोष देऊ नका. एकाच वेळी दोन कारणं वापरता येणार नाहीत.

शांतादुर्गा_एक्सप्रेस

पणजीहून. तुम्ही सगळे गाडलेल्यावर माती टाकताय, पण हीच कल्पना आपल्याकडे जिवंत आहे. इंडियन रेसिंग लीगमध्ये गोवा एसेस नावाची टीम आहे, जॉन अब्राहम मालक. गाड्या सगळ्यांच्या सारख्या, नावं शहरांची, राज्यांची. क्लबऐवजी गाव. आयपीएलही २००८ चीच की. मुंबई इंडियन्स त्या वर्षाच्या आधी अस्तित्वातच नव्हती, आणि आज लोक तिच्यासाठी भांडतात. निष्ठा तयार करता येते, थोडा वेळ द्यावा लागतो.

पिटलेन_पंत

आयपीएलने निष्ठा उसनी आणली नाही, नवी लावली. आणि मुंबई इंडियन्स वानखेडेवर खेळते, माणूस लोकलने जाऊन बघतो. गोवा एसेस पळते मुख्यतः चेन्नईला आणि कोइम्बतूरला. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाचा फुटबॉल बघायला येणारा माणूस त्यासाठी तामिळनाडूची गाडी पकडेल?

शांतादुर्गा_एक्सप्रेस

फोनवर बघतो तो. मॅचसुद्धा फोनवरच बघतो हल्ली. तुमचं व्हिला पार्क, तासाभराचं अंतर, हे सगळं २००८ चं गणित झालं.

कॉपवाला_पुणेकर

उशिरा आलो. लिव्हरपूलचा फॅन आहे, शाळेपासून. २००८-०९ चा हंगाम तोंडपाठ आहे. लीगमध्ये ८६ गुण, मँचेस्टर युनायटेडचे ९०, दुसरा नंबर, महिनाभर जेवण गेलं नाही. आणि आज या धाग्यावर शोधायला गेलो तर कळतंय की २००९ ची सुपरलीग फॉर्म्युला लिव्हरपूलच्या गाडीने जिंकली होती, आद्रियान व्हायेस नावाच्या स्पॅनिश ड्रायव्हरने! तेव्हा १९९० पासून लीगसाठी झुरणारे आम्ही, आणि एक लीग जिंकून बसलो होतो ते इतकी वर्षं कुणी सांगितलंही नाही.

पिटलेन_पंत

यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. माझ्याकडून धागा संपला.

रेगाटा

एका पुणेकराला माहीत नव्हतं, हा पुरावा? पंत, फ्लामेंगोच्या माणसाला विचारा आणि मग धागा संपवा.

तालमीचा_गडी

फ्लामेंगोचा माणूस विचारेल, शेजारच्या फ्लुमिनेन्सची गाडी कुठाय.