'मगारी' हा इटालियन शब्द: होकार, नकार की नुसती हळहळ?

इटालियन शिकताना, आणि विशेषतः तुरिनमधील सहकाऱ्यांशी बोलताना, 'मगारी' या एका शब्दापाशी मी वारंवार अडते, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. (मराठी कानाला तो 'माघारी' वाटतो, परंतु आघात 'गा'वर असतो आणि अर्थाचा काडीचाही संबंध नाही.)

व्याकरणाच्या पुस्तकातला भाग मला समजला आहे. पुढे साधे वर्तमानकाळी क्रियापद आले, तर हा शब्द 'फोर्से'प्रमाणे 'कदाचित' असा अर्थ देतो. उदाहरणार्थ, 'मगारी दोमानी प्योव्हे', म्हणजे उद्या पाऊस पडेलही. तेच क्रियापद कोंजुंतीव्होच्या, म्हणजे इच्छा, शंका वगैरे दाखवणाऱ्या क्रियापदरूपांच्या, अपूर्ण भूतकाळी रूपात आले, की 'मगारी प्योव्हेस्से!' म्हणजे पाऊस पडला तर किती बरे होईल, अशी इच्छा व्यक्त होते. 'धन्य' या अर्थाच्या 'माकारिओस' या ग्रीक विशेषणाच्या संबोधनरूपावरून हा शब्द आला असल्यामुळे इच्छेचा अर्थच मूळचा असावा, असे मला वाटते.

खरी अडचण शब्द एकटाच उच्चारला जातो तेव्हा होते. 'सेइ रिक्को?', म्हणजे 'तू श्रीमंत आहेस का?', या प्रश्नावर 'मगारी!' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ 'एवढे नशीब कुठले!' असा सरळ नकारार्थी होतो. परंतु 'उद्या जेवायला येतेस का?' या आमंत्रणावर हेच उत्तर आले, तर ते 'यायला तर फारच आवडेल' असा आनंदाचा होकार असू शकते किंवा 'मनात खूप आहे, पण जमणार नाही' अशी हळहळही असू शकते; मग यजमानाने पाने किती मांडायची? 'मगारी उनाल्त्रा व्होल्ता', म्हणजे 'पुन्हा कधीतरी', असे म्हटले, की निदान नकार तरी स्पष्ट कळतो.

लेखी निरोपांत तर आवाजाचा चढउतारही मदतीला नसतो. 'मगारी ची व्हेदियामो जोव्हेदी', म्हणजे 'कदाचित गुरुवारी भेटू', असे लिहून आले, तर गुरुवारची भेट ठरली असे धरावे, की आपल्या 'बघू या'सारखे ते मोघम समजून बुधवारी पुन्हा विचारावे?

इटलीत दीर्घकाळ राहिलेल्यांनी कृपया सांगावे, की एकट्या 'मगारी!'मधील होकार आणि नकार आपण कशावरून ओळखता, आणि खात्री करण्यासाठी उलट प्रश्न केला तर समोरच्याला तो आगाऊपणा वाटतो का?