मदत हवी आहे: अमेरिकेतली वांशिक विषमता – आधी वर्ण की आधी पोटापाण्याचा प्रश्न?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात मला या विषयावर बोलायचं आहे. तयारी करताना एका जागी अडकले आहे, जाणकारांनी मदत करावी.

गटात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, काम, घर, दवाखाना सगळ्यांना द्या, वर्णाचा वेगळा विषय काढावाच लागणार नाही. त्यांचा आधार म्हणजे नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते बायर्ड रस्टिन आणि ए. फिलिप रँडॉल्फ. १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा 'रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी' होता आणि १९६६ मध्ये याच दोघांनी सगळ्या गरिबांसाठी 'फ्रीडम बजेट', म्हणजे गरिबी हटवण्यासाठी सरकारी खर्चाचा आराखडा, मांडलं. दुसरा तट म्हणतो, 'सगळ्यांना' म्हटलं की कृष्णवर्णीय हमखास वगळले जातात.

हे दुसरं म्हणणं मला खोडता येत नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात वर्णाचा उल्लेखच नव्हता. फक्त शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि त्यामुळे देशातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगार पेन्शनबाहेर राहिले. त्याच दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, तिथे गृहकर्ज मिळेना. घर हीच तिथल्या मध्यमवर्गाची पुंजी. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक (म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाची) संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीयांची ४५,००० च्या आसपास. एवढा फरक नुसत्या पगारवाढीने कसा भरून निघेल?

पण केवळ प्रतिनिधित्वानेही तो भरत नाही. ओबामा अध्यक्ष असतानाच कृष्णवर्णीयांमधलं स्वतःचं घर असणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. याचा मला खरोखर त्रास होतो.

तर प्रश्न असा: सर्वांसाठीच्या योजनेने ही दरी प्रत्यक्षात कमी केल्याचं ठोस उदाहरण आहे का? आणि दलित पँथरचा दाखला द्यावा का? नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळे 'दलित', आणि पुढच्याच वर्षी ढसाळ-ढाले फूट, तीही याच वादावर.

प्रतिसाद:

ताई, मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना घ्या. १९६६ मध्ये सुरू झालं, ६५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला त्यातला पैसा मिळणार नव्हता. दक्षिणेतल्या बहुतेक रुग्णालयांनी वेगळे वॉर्ड काही महिन्यांतच मोडीत काढले. पैसा सर्वांसाठी, अट मात्र वर्णभेदाविरुद्ध. दोन्ही एकत्र होतं म्हणून ते घडलं.

दुसरं उदाहरण किमान वेतनाचं. १९६६ च्या दुरुस्तीने ते शेती, हॉटेलं, शाळा, नर्सिंग होमपर्यंत पोचलं. त्या काळात कमाईतली दरी जेवढी घटली, त्यातला पाचवा हिस्सा अर्थतज्ज्ञ या दुरुस्तीच्या खात्यावर टाकतात. घरकामगार बायकांना मात्र १९७४ पर्यंत थांबावं लागलं, हे गटात नक्की सांगा.

पँथरचा दाखलाही द्या, पण फुटीपेक्षा जाहीरनाम्यातल्या जमिनीच्या मागणीवर जास्त वेळ घालवा.