सैन्याची ‘फाळणी’ की ‘वाटणी’, आणि ‘तळ’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

एखादा प्रदेश मूळ राष्ट्रापासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला, तर तिथल्या लष्करी तळांचे आणि सैन्याचे काय होते, यावर मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. स्कॉटलंडच्या संदर्भात मी ‘स्वातंत्र्यानंतर सैन्याची फाळणी होईल आणि तळ परत केले जातील’ असे वाक्य लिहिले. लहानपणापासून पुण्यात राहिल्यामुळे छावणी, लष्कर, कँप हे शब्द माझ्या कानांवर रोज पडत आले आहेत, तरीही या वाक्यातले ‘फाळणी’, ‘तळ’ आणि ‘परत’ हे तिन्ही शब्द मला खटकतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्याला हे शब्द खटकले ते योग्यच आहे. ‘फाळणी’ हा मुळात जमिनीचा शब्द आहे. भूमिअभिलेख कार्यालयात आजही सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पाडले की त्यांचा ‘फाळणी नकाशा’ निघतो, आणि १९४७ मध्ये पंजाब व बंगालवर रेघ ओढली गेली तिला फाळणी म्हणणे त्याच अर्थाने चपखल होते. सैन्यावर मात्र अशी रेघ ओढता येत नाही. एकत्र कुटुंब विभक्त होते तेव्हा शेताची फाळणी होते आणि गुरे, भांडीकुंडी, दागदागिने यांची वाटणी होते. सैन्य या दुसऱ्या प्रकारात मोडते. सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या देखरेखीखाली १९४७ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याचे जे झाले ती वाटणीच होती. ढोबळमानाने दोन तृतीयांश सैन्य भारताकडे राहिले आणि एक तृतीयांश पाकिस्तानकडे गेले. गुरख्यांच्या दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटिश सैन्याकडे वर्ग झाल्या. ‘वर्ग करणे’ हा कचेरीतला शब्द इथे मुद्दाम वापरावा असे मी सुचवेन, कारण पलटणीतली माणसे, हत्यारे आणि कागदपत्रे एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातात, हे सारे त्या एका शब्दात येते.

जे उचलून नेता येत नाही, त्याची वाटणीही होत नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातले घड्याळ लावले जाई, त्यामुळे हे उदाहरण मला जवळचे आहे. हा कारखाना १८६९ चा. फाळणीच्या वेळी अशा सर्व सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांची जागा भारताच्या बाजूला होती, आणि पाकिस्तानला वाह येथे १९५१ मध्ये आपला कारखाना नव्याने उभा करावा लागला. म्हणून खडकीचा कारखाना भारताच्या ‘वाट्याला आला’ असे न लिहिता तो भारताच्या ‘हद्दीत राहिला’ असे लिहिणे अधिक खरे ठरेल. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर रशिया आणि युक्रेन यांच्यात हाच भेद पुन्हा दिसला. १९९७ च्या करारांनी काळ्या समुद्रातील ताफ्याची वाटणी झाली, कारण जहाजे हलतात. युक्रेनकडे राहिलेल्या क्रिमियातले सेवास्तोपोलचे बंदर हलत नाही, म्हणून त्यावर रशियाने २०१७ पर्यंतचा भाडेपट्टा घेतला. २०१० मध्ये ती मुदत २०४२ पर्यंत वाढवण्यात आली आणि २०१४ मध्ये रशियाने अख्खा क्रिमियाच ताब्यात घेतला.

आता ‘तळ’ या शब्दाकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या जुन्या वापरात तळ पडतो, तळ दिला जातो आणि तळ उठतो. ओढ्याकाठी राहुट्या लागतात, चार दिवसांनी चुलींची राख मागे ठेवून फौज पुढे जाते, ते तळाचे चित्र आहे. ‘छावणी’ त्याहून अधिक काळाची. ‘छावणे’ म्हणजे शाकारणे, आणि पावसाळ्यात फौज छपराखाली मुक्काम करी ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की ती मोडत असे. ‘ठाणे’ मात्र बसवावे लागते, आणि ते ज्याचे असेल त्याचा अंमल आसपासच्या मुलखावर चालतो. आज आपण या तिन्ही अर्थांसाठी एकटा ‘तळ’ वापरतो. ‘विमानतळ’, ‘वाहनतळ’ या शब्दांमुळे तळ म्हणजे कायमची बांधलेली जागा हा नवा अर्थ रुळला आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. तरीही क्रियापद निवडताना जुना अर्थ आपल्याही नकळत डोके वर काढतो आणि आपण ‘तळ हलवतील’ असे सहज लिहून जातो. स्कॉटलंडमधील फॅसलेन येथे ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या असतात आणि त्यांची अस्त्रे जवळच कूलपोर्ट येथे डोंगरात खोदलेल्या कोठारांत ठेवलेली असतात. पाणबुड्या हलतील, पण ती कोठारे आणि खोल पाण्याची ती खाडी कशी हलवणार? अशा ठिकाणी ‘पाणबुड्या हलवाव्या लागतील आणि तळ दुसरीकडे नव्याने बांधावा लागेल’ असे दोन क्रियापदांत सांगायला हवे.

सायप्रसच्या बाबतीत तर एका प्रत्ययाने अर्थ बदलतो. १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा अक्रोटिरी आणि ढेकेलिया हे दोन भाग ब्रिटनने स्वतःच्या सार्वभौमत्वाखाली राखून ठेवले. ते बेटाच्या सुमारे ३ टक्के भूभागावर आहेत आणि त्यांच्यासाठी भाडेपट्टा नाही. म्हणून ‘सायप्रसमधील ब्रिटिश तळ’ ही वृत्तपत्रांतली शब्दयोजना सदोष आहे. ‘सायप्रस बेटावरील’ असे लिहिले की राष्ट्र आणि बेट यांतला फरक कायम राहतो.

आणखी एक प्रतिसाद

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. आमच्या बोलण्यात ‘तळ’ हा शब्द जवळजवळ नसतोच. आम्ही ‘युनिट’ आणि ‘स्टेशन’ म्हणतो, आणि पुण्याला ‘पीस स्टेशन’, म्हणजे सीमेपासून दूरचे, शांत भागातले नेमणुकीचे ठिकाण. परक्या भूमीवर मागे ठेवलेल्या सैन्यासाठी ‘शिबंदी’ हा जुना शब्द चालेल का, असे मला विचारायचे आहे.

उत्तर

आपला शब्द मला मनापासून आवडला. गडावर किंवा ठाण्यावर नेमून ठेवलेले सैन्य ते शिबंदी, त्यामुळे जागा आणि माणसे यांची गल्लत टळते. शिबंदीत बहुतेक आसपासच्या मुलखातले लोक असत, एवढी अर्थच्छटा मात्र लिहिताना लक्षात ठेवावी.

‘परत’ राहिले होते. परत करायचे म्हणजे वस्तू आधी घेणाऱ्याची होती हे मान्य करणे. बियरहेवन, कोव्ह आणि लॉख स्विली ही आयर्लंडची तीन बंदरे १९२१ च्या तहाने ब्रिटनने स्वतःकडे ठेवली आणि १९३८ मध्ये सोडली. आयरिश लेखक त्याला ‘परत मिळाली’ म्हणणार आणि ब्रिटिश लेखक ‘सोपवली’. श्रीलंका १९४८ मध्ये स्वतंत्र झाली तरी त्रिंकोमालीचा नौदल तळ ब्रिटनकडेच होता आणि तो १९५७ मध्ये श्रीलंकेच्या हवाली झाला. तटस्थपणे लिहायचे असेल तेव्हा ‘हवाली करणे’ किंवा ‘सुपूर्द करणे’ वापरावे, कारण या दोन्ही शब्दांत ताबा बदलल्याचे कळते आणि मालकीचा निवाडा होत नाही.

१८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने स्वातंत्र्य नाकारले, म्हणून आपल्या वाक्यात संकेतार्थ हवा. मी ते असे लिहीन: ‘स्कॉटलंड स्वतंत्र झाला असता, तर सैन्याची वाटणी करावी लागली असती, काही पलटणी त्याच्याकडे वर्ग झाल्या असत्या, आणि फॅसलेनचा तळ सुपूर्द करायचा, भाडेपट्ट्याने ठेवायचा की सायप्रसप्रमाणे राखून ठेवायचा, हे दोन्ही सरकारांना ठरवावे लागले असते.’