मदत हवी आहे: बॅटरी मेली आणि बॉनेटही उघडेना

दीड महिना झाकून ठेवलेली स्पोर्ट्स कार काल सुरूच होईना, साधा दिवाही लागला नाही. इंजिन मागे, बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि त्याचा लॅच विजेवर चालणारा! (हे ज्याला सुचलं त्याला एकदा भेटायचंय.) शेवटी फ्यूज बॉक्समधल्या टर्मिनलला बाहेरून १२ व्होल्ट दिले, तेव्हा उघडलं. बॅटरीवर मल्टिमीटर दाखवतो ४.३ व्होल्ट, म्हणजे चार्जिंगची आशा सोडलीच.

जुनी एजीएम आहे (ॲसिड काचतंतूंच्या थरांत शोषलेली, सीलबंद बॅटरी). त्याजागी साधी लेड-ॲसिड चालेल का? गॅस बाहेर नेणाऱ्या नळीची धास्ती वाटते. निगेटिव्ह वायर आधी काढायची, एवढं ठाऊक आहे. पण नवी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळवावं लागतं का? काचांचं सेटिंगही पुसलं जातं म्हणे. कुणी स्वतः बदलली असेल तर सांगा.